अमर्याद म्हणजे नेमकं किती?
‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या इंटरनेट योजनांवरचा लेख वाचला. महिन्याचा ठरलेला डेटा, म्हणजे कोटा, संपल्यावर वेग कमी केला तरी सेवा अमर्यादच राहते, हे त्यातलं म्हणणं मला अजिबात पटत नाही. वेग हीसुद्धा मर्यादाच आहे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजेच साडेबारा मेगाबाइट (८ बिटचा एक बाइट). या वेगाने सलग वापर केला तर १००० जीबीचा (१ जीबी म्हणजे १००० मेगाबाइट) कोटा साधारण २२ तासांत संपतो! मग उरलेला महिना कमी केलेल्या वेगावर, समजा १ एमबीपीएसवर, काढायचा, तर एचडी व्हिडिओही धड चालत नाही. कोट्याच्या मोजणीत अपलोड (आपण पाठवलेला डेटा) धरतात का, हेही ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगायला हवं. खरं तर नेटवर्कवर ताण येतो तो गर्दीच्या वेळी. पहाटे तीनला उतरवलेल्या फाइलने कोणाचं काय अडतं? तेव्हाचा वापर कोट्यात धरूच नये.