‘शांत झोपलंय’ म्हणून सोडून देऊ नका

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. बी विंगमध्ये भाड्याने राहणाऱ्या दोन मुलींनी पार्किंगमधलं मांजरीचं पिल्लू घरी आणलंय, आई दोन दिवस दिसलेली नाही, पिल्लू सकाळपासून काही घेत नाहीये, नुसतं पडून आहे, काय करू? दहा मिनिटांत पंधरा उत्तरं आली. कोमट दूध द्या, ओव्याचं पाणी द्या, दहीभात कालवून द्या. अंग गरम लागत असेल तर तापाच्या गोळीचा चतकोर तुकडा द्या. आणि सगळ्यात जास्त अंगठे मिळाले ते या उत्तराला: ‘झोपू द्या हो, लहान पिल्लं झोपतातच. सकाळपर्यंत बघा.’

मी ताटावरून तशीच उठले. कारण ‘सकाळपर्यंत बघू’ हे तीन वर्षांपूर्वी मीही म्हटलं होतं.

तेव्हा आम्ही कोथरूडलाच, पण जुन्या घरात होतो. जुलै महिना, चार दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नव्हतं. स्कुटीखाली आडोशाला दोन पिल्लं सापडली, साधारण पाच आठवड्यांची. भुरू आणि चिंगी. चिंगी म्हणजे नुसता दंगा. पायजम्याला नख्या रोवून थेट गुडघ्यापर्यंत चढायची. आठव्या दिवशी संध्याकाळी ती चढली नाही. पाण्याच्या वाटीसमोर बसली होती, हनुवटी वाटीच्या काठावर टेकवून. पाणी पीत नव्हती, नुसती त्याच्याकडे तोंड करून बसली होती. पाठीला पोक, पुढचे पाय अंगाखाली घेतलेले, डोळे अर्धवट मिटलेले, आणि नाकाकडच्या कोपऱ्यातून डोळ्यावर पांढुरका पडदा आलेला. मी म्हटलं, ‘आज बघा कशी शहाण्यासारखी बसलीय.’ फोटो काढला. बहिणीला पाठवला. तिने बदाम पाठवला.

तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. आज बघितला की आजार त्यात स्पष्ट दिसतो. पाण्यासमोर बसणं पण न पिणं, हे मळमळ आणि अंगातलं पाणी कमी होत चालल्याचं लक्षण. डोळ्यावर आलेला पडदा ही मांजराची तिसरी पापणी, निरोगी जागं मांजर ती दाखवत नाही. पोक काढून बसलं की पोटात दुखत असावं असं धरायचं. हे सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं. सकाळी सहाला उठले तेव्हा ती गार पडली होती. दवाखान्यात कुत्र्यांच्या पार्वोचं जे किट असतं त्यावरच तपासणी झाली, कॅट पार्वो निघाला, विषाणूमुळे होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. दुपारी ती गेली. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘काल रात्री आणलं असतं तर आपल्याला बारा तास जास्त मिळाले असते.’

भुरूला दुसऱ्या दिवशी एकच उलटी झाली. मी पावसात तशीच निघाले. पाच दिवस सलाईन, आणि तो वाचला. आता पाच किलोचा बोका आहे.

म्हणून माझं मत फार ठाम झालंय, आणि ते कुणाला टोचलं तरी चालेल. पिल्लाच्या आजारात ‘उद्या’ नसतो. मोठं मांजर एक दिवस जेवलं नाही तर थोडी सवड असते. चारशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात चरबी नसते, साखरेचा साठा नसतो, आणि रक्त सगळं मिळून साधारण पंचवीस मिली. म्हणजे चहाचे पाच चमचे. एवढ्याशा जीवातून कमी व्हायला उरतंच किती? महिना-सव्वा महिन्याच्या पिल्लाने बारा तास काही खाल्लं नाही तर दवाखाना. त्याहून लहान, दूधपितं असेल तर चार-सहा तासांतच. उलटी आणि जुलाब दोन्ही सुरू झाले असतील तर तासही मोजू नका. मांजर मुळात आजार लपवणारं जनावर आहे. ते कण्हत नाही, तक्रार करत नाही. त्याच्या बाबतीत धोक्याची खूण म्हणजे गप्प होणं, आणि नेमकं तेच आपल्याला शहाणपण वाटतं.

असो, परवाची रात्र. मी बी विंगला गेले. शूजच्या खोक्यात टॉवेलवर पिल्लू होतं, तपकिरी पट्ट्यांचं, शेपूट काडीसारखी. मुलगी म्हणाली, ‘काकू, जिवंत आहे ना?’ शेजारी सिरिंजमध्ये दूध भरून तयार होतं. ते आधी बाजूला ठेवायला लावलं. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं. शरीर गार असताना आतडी काम करत नाहीत, दूध पोटात तसंच पडून राहतं, किंवा गिळता न आल्यामुळे फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग अन्न, हा क्रम कधी उलटा करायचा नाही. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवली, नको झालं तर दुसरीकडे सरकायला जागा राहील अशी. नंतर त्याचा वरचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या.

हे प्रत्येकाने शिकून घ्यावं, अर्धं मिनिट लागतं. हिरडी गुलाबी हवी. बोटाने हलकं दाबलं की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. बोटाला ओलसर लागली पाहिजे, चिकट नाही. या पिल्लाच्या हिरड्या सोललेल्या लसणासारख्या पांढऱ्या होत्या. मानेवरचे केस बाजूला केले तर पिसवाच पिसवा. त्या पाच चमचे रक्तावर रात्रंदिवस पोसत होत्या. पिसवांनी पिल्लू मरू शकतं हे लोकांना खरं वाटत नाही, पण मरतं. आणि घाईघाईत कुत्र्याचं पिसवांचं औषध लावू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

बोटावर मधाचा एक थेंब घेऊन हिरडीला चोळला. तोंडात ओतला नाही, नुसता चोळला. साखर फार खाली गेलेल्या पिल्लाला दवाखान्यापर्यंत टिकवायला तेवढा आधार होतो. मग रिक्षा. कर्वे रोडला साडेदहाला पाऊस आणि मेट्रोच्या खांबाखाली तुंबलेलं पाणी, पण रिक्षावाले दादा खोक्यात डोकावून बघून काही न बोलता निघाले. रात्री उघडा असणारा दवाखाना मला माहीत होता कारण नंबर फोनमध्ये आहे. तुम्हीही आजच शोधून ठेवा. मांजर आजारी पडल्यावर रात्री अकराला शोधायची गोष्ट नाही ती. पैशांची अडचण असेल तर औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, पत्ता आणि वेळ आधीच विचारून ठेवा.

दवाखान्यात अंगाचं तापमान ९६ निघालं. मांजराचं नेहमीचं १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे आपण ज्याला ताप म्हणतो ते त्याचं रोजचं अंग. हे माहीत नसल्यामुळेच निरोगी पिल्लू हाताला गरम लागतं आणि कुणीतरी पॅरासिटामॉल सुचवतं. कृपा करून ती गोळी मांजराला कधीही देऊ नका, चतकोरही नाही, तुकडाही नाही. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी खराब होतात, हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. मी ग्रुपवर हेच लिहिलं तर एक काका म्हणाले, ‘आम्ही गावाला द्यायचो, काही व्हायचं नाही.’ काका, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण गावाला किती पिल्लं गेली ते कुणी मोजलं नव्हतं.

आणि गाईचं दूध. आपल्याकडे मांजर आणि दूध यांचं नातं इतकं घट्ट बसलंय की नको म्हटलं तर माणसं दुखावतात. पण गाईच्या दुधाने पिल्लाला जुलाब लागतात, आणि जुलाबाने त्याच्या अंगातलं पाणी संपतं. पिल्लांची दूध पावडर मिळते. पाजताना पिल्लू पोटावर, आईपाशी पितं तसं. माणसाच्या बाळासारखं पाठीवर घ्यायचं नाही.

नवीन पिल्लू आणलं की माणसं गळपट्टा घेतात, घुंगरू घेतात, खेळणी घेतात. त्याआधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. रोज एकाच वेळी, खायच्या आधी वजन, आणि फ्रिजवर कागद. निरोगी पिल्लू दिवसाला साधारण दहा-पंधरा ग्रॅम वाढतं, महिन्याचं झालं की साडेचारशेच्या आसपास येतं. वजन थांबलं तर त्या दिवशी डोळ्यात तेल घालून बघा. उतरलं तर त्याच दिवशी दवाखाना. चिंगीच्या वेळी माझ्याकडे काटा असता तर आकडा फोटोच्या आधी बोलला असता. सहा ते आठ आठवड्यांपासून तिहेरी लस सुरू होते, सोळा आठवडे होईपर्यंत तिचे डोस चालू ठेवायचे, आणि त्यात पार्वोही येतो. चिंगी लसीपर्यंत पोचली नाही. पार्वोचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरतो, म्हणून लस न झालेलं दुसरं पिल्लू मी त्या घरात आणलं नाही.

परवाच्या पिल्लाला रात्रभर उबेत ठेवलं, पिसवा फणीने आणि हाताने वेचून काढल्या, नळीने थोडं थोडं अन्न दिलं. काल दुपारी त्याने पहिल्यांदा बोट चाटलं. मुलींनी नाव ठेवलंय जिरी. कालचं वजन ३८२. आज सकाळी फ्रिजवरच्या कागदाचा फोटो आला: ३९१. आणि खाली लिहिलं होतं, ‘काकू, आज जिरी आमच्यावर ओरडली.’