झडपेची गोळी लसणावर सोडू नका
पुण्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘हृदयाची झडप बदलून सहा महिने झाले की रक्त पातळ करणारी गोळी बंद करा, लसूण खा, पालेभाज्या सोडा.’ हे जीवघेणं आहे. यांत्रिक झडपेला, जिला आपण ‘मेटलची’ म्हणतो, वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर लागते. गोळी थांबली की बिजागरीपाशी गुठळी धरते, पाती अडकतात. झडपेची नेहमीची टिकटिक मंदावली, धाप लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. सहा महिन्यांचा घोळ बहुधा प्राण्यांच्या ऊतीपासून केलेल्या झडपेमुळे झाला. तिथे गोळी अनेकदा ३ ते ६ महिन्यांनी थांबते, तीही डॉक्टर सांगतील तेव्हाच. यांत्रिक मिट्रल झडपेला (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, साधारण २.५ ते ३.५ लागतो. मेथी-पालक खा, फक्त प्रमाण एकदम वाढवू-घटवू नका. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.