काटा अडला म्हणून जेवण तोडू नका

वजन उतरायचं थांबलं की रात्रीचं जेवण बंद करा, असं तुमच्या वजन कमी करण्यावरच्या लेखात म्हटलंय. ताई, हे अजिबात पटलं नाही. वाचून कुणी खरंच तसं करेल, या काळजीने लिहितेय.

सुरुवातीला काटा भराभर उतरतो त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे यकृतात नि स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, ती साखर वापरली गेली की तेही जातं. पुढे वेग मंदावणारच. शिवाय ८० किलोच्या देहाला लागायचं तेवढं ७२ किलोला लागत नाही, आणि कमी खाणारा माणूस नकळत हालचालही कमी करतो. त्यात आणखी उपाशी राहिलं तर स्नायू झिजतात.

आमच्या साताऱ्यात सकाळी अजिंक्यतारा किल्ला चढणाऱ्या बायकांची काटा अडल्याचीच तक्रार असते. चढ नेमाने होतो, भाकरी अर्धी केलेली असते, पण भाजीतला शेंगदाण्याचा कूट नि तेल कुणी मोजत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात! कूट वाईट नाही, आपल्या भाजीचा जीव आहे तो, पण चमच्याने मोजून घाला. मटकीची उसळ, ताक, अंडी वाढवा. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला किंवा उठाबशा काढा. काटा हलत नसेल तेव्हा कंबर टेपने मोजा. फार थकवा येत असेल, पाळी बिघडली असेल तर थायरॉईड तपासून घ्या.

आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं जेवण सोडूच नये. लेखात एवढी ओळ तरी घाला.