हळू गाणाऱ्या खारी

‘टेप फास्ट पळवली की झालं, त्यात गाणं कुठंय?’ चिरक्या आवाजात गाणाऱ्या ‘ॲल्व्हिन अँड द चिपमंक्स’ या कार्टून त्रिकुटाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मला दर वेळी वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

गोष्ट 1958 सालची, अमेरिकेतली. रॉस बागदासारियन हा अर्मेनियन वंशाचा गीतकार डेव्हिड सेव्हिल या नावाने रेकॉर्ड काढायचा. हाताशी उरलेल्या 200 डॉलरपैकी 190 त्याने टेप रेकॉर्डरवर घातले, असं सांगतात. त्याच वर्षी त्याचं ‘विच डॉक्टर’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात तो चिरका आवाज आहे, पण प्राणी एकही नाही. आधी आवाज सापडला, तो कुणाच्या तोंडी शोभेल हे नंतर ठरलं. वर्षअखेरीस ‘द चिपमंक साँग’ आलं आणि खारीच्या कुळातले ते तीन पट्टेवाले भाऊ जन्माला आले. ॲल्व्हिन, सायमन, थिओडोर ही नावं त्याच्या रेकॉर्ड काढणाऱ्या लिबर्टी रेकॉर्ड्स या कंपनीतल्याच माणसांची: अल बेनेट, साय वॉरोंकर आणि ध्वनिमुद्रक टेड कीप.

आता ‘टेप फास्ट पळवण्या’बद्दल. टेप निम्म्या वेगाने फिरत असताना गायचं आणि पूर्ण वेगाने वाजवायचं. सूर बरोबर एक सप्तक वर जातो, लय दुप्पट होते. म्हणजे गाणाऱ्याने विलंबितात गायचं तेव्हा ऐकणाऱ्याला दुगुन मिळते. मी हे घरी करून पाहिलंय. चार ओळींचं साधं बालगीत घेतलं होतं. चार सेकंदांची ओळ आठ सेकंद ओढताना पहिल्याच ओळीत दम संपला. मग वेग वाढवून ऐकलं तर ‘स’ आणि ‘श’ इतके बारीक झाले होते की शब्द कळेनात. सुरावर नकळत येणारा कंप दुप्पट वेगाने थरथरत होता, शेळी ओरडावी तसा. तेव्हा समजलं की इथे सूर सरळ, सपाट लावावा लागतो, व्यंजनं ठोसून म्हणावी लागतात, आणि हसायचं असेल तर हसणंसुद्धा हळूच हसावं लागतं. बागदासारियनने तिन्ही भावांचे आवाज एकट्याने दिले. हळू गाताना खोडकरपणा टिकवणं किती अवघड आहे, हे एकदा करून बघाच.

शिवाय या पद्धतीत आवाजाची नुसती पट्टी चढत नाही. घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत आवाज घुमतो, तिथल्या कंपनसंख्याही दुपटीने वाढतात. मोठ्या माणसाची साधारण 17 सेंटीमीटरची ही नळी जणू निम्मी होते. म्हणून कानाला तारसप्तकात गाणारा माणूस नाही, खरोखर एक चिमुकला जीव ऐकू येतो. चित्रातला प्राणी उगाच चिकटवलेला वाटत नाही तो यामुळे.

आणि मग डेव्ह, म्हणजे डेव्हिड सेव्हिल, तोही बागदासारियनच! तिघांना सांभाळणारा, साध्या माणसाच्या आवाजात बोलणारा, शेवटी ‘ॲल्व्हिन!’ म्हणून ओरडणारा. त्याचा वैताग आणि ॲल्व्हिनचा हुला हूपचा (कमरेभोवती फिरवायच्या कड्याचा) हट्ट समोरासमोर आले की तीन मिनिटांच्याही आत एक अख्खं घर उभं राहतं. 1959 मध्ये पहिल्यावहिल्या ग्रॅमी सोहळ्यात ‘द चिपमंक साँग’ला तीन पुरस्कार मिळाले. त्यातला एक ध्वनिमुद्रणाचा होता, टेड कीपला. ज्याच्या नावाने एक चिपमंक गातो, त्याच माणसाच्या कामाचा तो मान. वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डच्या नामांकनात हे गाणं फ्रँक सिनात्रा आणि पेगी ली यांच्या गाण्यांच्या शेजारी होतं.

या वाटेवर हे एकटेच नव्हते. ब्रिटनमध्ये पिंकी आणि पर्की ही डुकरांची कठपुतळी जोडी 1957 पासूनच बीबीसीवर अशा आवाजात गात होती. अमेरिकेत 1959 मध्ये नटी स्क्विरल्स आल्या. डॉन एलियट आणि साशा बर्लंड यांनी खारींच्या आवाजात चक्क जॅझमधलं स्कॅट, म्हणजे अर्थहीन अक्षरांचं गाणं, गाऊन घेतलं.

आज कुठलंही तयार गाणं एका बटणावर वेगवान करून टाकतात, त्याला लोक ‘चिपमंक आवाज’ म्हणतात, आणि माझं भांडण इथे आहे. मूळ गायकाने ते या वेगासाठी गायलेलंच नसतं. त्याचे श्वास तुटतात, शब्द घरंगळतात, साथही त्याच्याबरोबर पळत सुटते. चिपमंक्सच्या गाण्यात साथ आपल्या सहज वेगात चालते आणि फक्त गळे बदललेले असतात. या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नका. हिप-हॉपमधल्या ‘चिपमंक सोल’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे जुन्या गाण्याचा तुकडा विचारपूर्वक निवडून, उंचावून नव्या तालात बसवलेला असतो, आणि तो मला आवडतो.

कधी वेळ मिळाला तर ‘द चिपमंक साँग’ निम्म्या वेगाने ऐका. तीन मात्रांचा तो वॉल्ट्झ जड पावलांनी चालायला लागतो, डेव्हचा आवाज खोल खर्जात जातो, आणि तीन खारींच्या जागी चाळिशीला टेकलेला एक माणूस उरतो, प्रत्येक शब्द जपून, अगदी सावकाश म्हणणारा.