बांबूचं पातं आणि वाड्याचा रोजनामा

एन्काउंटरची बातमी आली की गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटले जातात. पाठोपाठ जपानचा दाखला येतोच: तिथे बघा, गुन्हेगाराची गय नाही. दाखला देणाऱ्यांनी दिग्दर्शक मासाकी कोबायाशींचा १९६२ सालचा 'हाराकिरी' हा जपानी सिनेमा पाहावा. (पुढे शेवटही सांगितला आहे.)

काळ १६३०, गाव एदो, म्हणजे आजचं टोकियो. शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, न विचारता किल्ला दुरुस्त केला म्हणून १६१९ मध्ये फुकुशिमा घराण्याची जहागीर गेली आणि पदरचे सामुराई उघड्यावर पडले. त्यांच्यातला तरुण मोतोमे 'ई' नावाच्या घराण्याच्या वाड्यात येऊन अंगणात पोट चिरून घ्यायची परवानगी मागतो. चार पैसे हातावर ठेवून वाटेला लावतील, ही आशा. पण कारभारी साइतोला असल्या मागणाऱ्यांना धडा शिकवायचा आहे. घरच्या आजारपणात मोतोमेने तलवारीची पाती विकली आहेत, म्यानात बांबू आहे. त्याच बांबूने त्याला पोट चिरायला लावतात. साइतो नियमाबाहेर काहीच करत नाही. अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

जाब विचारायला आलेला मोतोमेचा सासरा त्सुगुमो लढतो, पण मला त्या तलवारबाजीपेक्षा वाड्याचा रोजनामा महत्त्वाचा वाटतो. सिनेमा त्याच्यावरच उघडतो आणि मिटतो. शेवटी नोंद होते: वाड्यातले मेलेले सगळे आजाराने गेले.

आजच्या जपानमध्ये आरोप ठेवण्याआधी एका प्रकरणात २३ दिवस कोठडी मिळू शकते: आधी ३, मग १० आणि १०. चौकशीच्या खोलीत वकिलाला सहसा बसू देत नाहीत. ध्वनिचित्रमुद्रण २०१९ पासून सक्तीचं झालं, तेही मोजक्याच प्रकरणांत. १९६६ मध्ये खुनाच्या आरोपावरून अटक झालेले इवाओ हाकामादा सप्टेंबर २०२४ मध्ये निर्दोष सुटले. कबुलीजबाब आणि मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) टाकीत 'सापडलेले' रक्ताळलेले कपडे हा पुरावा तपासयंत्रणेने रचला होता, असं शिझुओका जिल्हा न्यायालयाने म्हटलं.

निदान या एका बाबतीत आपला कायदा शहाणा आहे. पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे सहसा आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. एन्काउंटरचा रोजनामा कोणी लिहायचा, हेही मुंबईतल्या चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवून दिलं: तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, मृत्यूची दंडाधिकारी चौकशी व्हायची, आणि गोळी झाडणाऱ्याला लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. पेढ्यांबद्दल मात्र निकालात काही नाही.