सेंद्रिय गूळ आणि मधुमेह : एक खुलासा

‘कोल्हापूरच्या सेंद्रिय गुळाने रक्तातील साखर वाढत नाही, म्हणून मधुमेहींनी चहात गूळ घालावा आणि हळूहळू गोळ्या बंद कराव्यात’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. हा दावा चुकीचा असून गोळ्या बंद करण्याचा सल्ला तर घातक आहे.

गुऱ्हाळाच्या काहिलीत आटतो तो उसाचाच रस. रसायनाऐवजी भेंडीचा चिकट रस घालून मळी काढली, तरी उरतो तो बहुतांशी सुक्रोजच, म्हणजे साखरेतला मुख्य घटक. गुळात थोडे लोह असते हे खरे, पण चहातल्या खड्यातून ते नगण्यच मिळते आणि रक्तातील साखर मात्र वाढतेच. आपल्या गुळाचा अभिमान बाळगावा. त्याच्या नावावर औषधोपचार सोडायला लावू नयेत.

मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत रक्तातील साखर असावी, असे साधारण उद्दिष्ट असते. ती वारंवार वर जात असेल, तर चुकलेली गोळी, जंतुसंसर्ग, स्टेरॉइडचे औषध किंवा भात-भाकरीचे वाढलेले प्रमाण यांपैकी काय घडले ते डॉक्टरांना सांगावे. तपासणीपूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण बोटाला लागलेला गूळही ग्लुकोमीटरवरचा आकडा फुगवतो. साखर खूप वाढलेली असताना उलट्या, धाप किंवा गुंगी जाणवल्यास घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे.