उन्हाळी इंटर्नशिप आणि दिवाणजींची पट्टी

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतरची आठ आठवड्यांची उन्हाळी इंटर्नशिप मी यंदा पूर्ण केली. विषय होता प्रॉडक्ट मॅनेजमेंट, म्हणजे एखादे उत्पादन कोणासाठी आणि कसे असावे हे ठरवण्याचे काम. पुण्यातील एक सॉफ्टवेअर कंपनी बाजार समित्यांतील अडत्यांसाठी हिशेबाचे ॲप तयार करते, आणि मी सांगलीची असल्यामुळे हळदीच्या अडत दुकानांचे काम माझ्याकडे आले. त्या आठ आठवड्यांत माझे एक मत पक्के झाले आहे आणि पुढच्या वर्षी आपल्या भागातील अनेक मुले-मुली याच वाटेने जाणार असल्यामुळे ते सविस्तर मांडते. इंटर्नला आधी वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसवावे आणि मगच संगणकासमोर बसवावे.

माझ्या बाबतीत क्रम उलटा झाला. पहिले तीन आठवडे मी कार्यालयात बसून इतर ॲपचे तक्ते केले, बैठकांची टिपणे काढली आणि डॅशबोर्ड, म्हणजे ॲपच्या वापराचे आकडे दाखवणारा पडदा, वाचायला शिकले. माझ्याकडे आलेले पहिले स्वतंत्र काम म्हणजे शेतकऱ्याच्या फोनवर जाणारी पट्टी. सौदा झाल्यावर किती पोती, किती वजन, काय दर, हमाली किती, तोलाई किती आणि हाती रक्कम किती, हे ज्या कागदावर लिहून मिळते ती पट्टी. फोनच्या छोट्या पडद्यावर गर्दी नको म्हणून सगळ्या कपाती मी 'एकूण वजावट' अशा एका ओळीत आणल्या. बैठकीत ते सर्वांना आवडले. बदल छोटा असल्यामुळे तो काही दुकानांत लगेच सुरूही झाला आणि बहुतेक शेतकरी पट्टी उघडून पाहतात असे डॅशबोर्ड दाखवू लागला. आम्ही ते काम यशस्वी झाले असे धरून चाललो.

चौथ्या आठवड्यात मी आग्रहाने परवानगी मागून सांगलीच्या मार्केट यार्डात आले. मे महिना संपत आला होता, हंगाम उतरणीला लागला होता, तरी सौदे चालू होते. खरेदीदार पोत्यातले हळकुंड उचलून मोडायचे, आतला रंग पाहायचे आणि मग दर बोलायचे. मी एका दुकानात हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजींच्या शेजारी, गादीच्या कडेला आठवडाभर बसले. दिवाणजी ॲपवरून पट्टी पाठवायचे आणि त्यानंतर तीच पट्टी छापील पुस्तकात कार्बन घालून पुन्हा हाताने लिहायचे. म्हणजे ज्यांचे काम कमी करण्यासाठी आम्ही हे बांधले, त्यांचे काम आम्ही दुप्पट केले होते.

याचे कारण दुसऱ्याच दिवशी कळले. साठीच्या पुढचे एक शेतकरी फोन घेऊन आले. त्यांनी तो माझ्यासमोर धरला, 'एकूण वजावट' या ओळीवर अंगठा टेकवला आणि म्हणाले, "पोरी, ह्यात हमाली किती न् तोलाई किती? घरी भावांना काय दाखवू? ही पट्टी न्हवं, ही नुसती बेरीज हाय." मग त्यांनी दिवाणजींकडून कागदी पट्टी घेतली, प्रत्येक पोत्याचे वजन बोटाने मोजले आणि घडी घालून ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

पट्टी उघडली जाते हे डॅशबोर्डला कळत होते. उघडणारा माणूस त्यानंतर कागद मागतो, हे कळण्याची त्यात सोयच नव्हती. एकत्र कुटुंबात ती पट्टी भावाभावांच्या वाटणीचा पुरावा असते, ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात नव्हती, आणि सांगलीची असूनही मला ती माहीत नव्हती याचे मला मनापासून वाईट वाटले.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आमच्या सादरीकरणाच्या पहिल्याच स्लाइडवर होते. प्रत्यक्षात ॲपमधील मालाच्या यादीत मात्र 'हळद' एवढा एकच शब्द होता. राजापुरी वेगळी, परपेठ वेगळी, हळकुंड वेगळे आणि गड्डा वेगळा. प्रत्येकाचा दर निराळा. दिवाणजी हा फरक शेऱ्याच्या रकान्यात लिहून वेळ भागवत होते.

हे काही नवे ज्ञान नव्हे. प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचे मूळ ज्यात सांगितले जाते ते टिपण 1931 साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी कंपनीत नील मॅकेलरॉय यांनी लिहिले होते. विषय साबणाच्या जाहिरातीशी निगडित होता, आणि ज्या भागात विक्री कमी आहे तिथे ब्रँड सांभाळणाऱ्याने स्वतः जाऊन दुकानदार आणि ग्राहक यांचा अभ्यास करावा, अशी अपेक्षा त्यात होती. आम्हाला वर्गात हे नाव आणि वर्ष पाठ करायला मिळते; यार्डात जायला मात्र कोणी सांगत नाही.

मी केवळ कंपन्यांनाच दोष देणार नाही. आमच्या महाविद्यालयांत इंटर्नशिपचे गुण अहवालाची पाने, बांधणी, प्रमाणपत्र आणि सादरीकरण यांवर ठरतात. किती माणसांशी बोललात, त्यांच्या बोलण्यामुळे तुमचा कोणता समज मोडला, हा प्रश्न तोंडी परीक्षेत मला कोणी विचारला नाही. हा प्रश्न विचारला जाणार आहे असे आधी माहीत असते, तर मी स्वतःच पहिल्या आठवड्यात सांगली गाठली असती. अहवालात 'एकूण वजावट' या चुकीवर मी चार पाने लिहिली, तेव्हा ती कमी करून निष्कर्ष अधिक सकारात्मक लिहावेत असा सल्ला मला मिळाला. मी ती पाने तशीच ठेवली.

पट्टीवर कपातीच्या ओळी सुट्या करणे, पोतेवार वजन दाखवणे आणि दुकानातल्या लहान प्रिंटरवर तीच पट्टी छापता येणे, या तीन सुधारणा मी शेवटच्या आठवड्यात लिहून दिल्या. त्यांपैकी पहिली माझ्यासमोर सुरू झाली. बाकी दोन कंपनीच्या यादीत आहेत आणि त्या व्हाव्यात म्हणून मी अजूनही मेंटॉरना लिहीत असते.

हळदीची आवक फेब्रुवारीपासून वाढते आणि आमची इंटर्नशिप मे महिन्यात सुरू होते, तेव्हा बाजाराचा भर ओसरलेला असतो. म्हणून पुढच्या वर्षी शेतमालाच्या बाजाराशी संबंधित काम करू इच्छिणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या विद्यार्थ्यांनी मार्चमध्येच दोन-तीन दिवस यार्डात काढावेत. दिवाणजींनी बसू द्यायचे कबूल केले आहे, फक्त सौद्याच्या वेळी मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत ही त्यांची अट आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवावे, मी सोबत येईन.